सहा दिवसांची सृष्टी आणि शाळेतले विज्ञान

प्रश्न : देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले, असे माझी मुलगी संडे स्कूलमध्ये शिकते, शाळेत मात्र उत्क्रांती. तिला काय सांगू?
– एक पालक, मिरज

उत्तर : तिच्यासोबत बायबलमधील उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचा. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य मात्र चौथ्या! म्हणूनच अनेक ख्रिस्ती अभ्यासक हे दिवस चोवीस तासांचे धरत नाहीत. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट ही ख्रिस्ती मंडळी मात्र ते शब्दशः मानते आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळते. देव निर्माणकर्ता आहे, ही श्रद्धा दोघांचीही. श्रद्धा आणि विज्ञान एकत्र राहू शकतात. तुमच्याच मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. तिथे प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकत्र नांदल्या. मुलीचे प्रश्न दाबू नका. पाळकांना आणि विज्ञानाच्या बाईंना, दोघांनाही तिला बेधडक विचारू द्या.