गॅलरीतल्या मेथीचा जमाखर्च

बाजारात वीस रुपयांना जुडी मिळते, मग घरी भाजी लावायला हजार-बाराशे कशाला घालायचे? पहिल्या हंगामात ते सुटत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. तरी लावायचीच असेल, तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडायचा ते बघू.

सगळ्यात आधी ऊन तपासा, त्याला पैसे पडत नाहीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत ऊन जवळजवळ येतच नाही. पालेभाजीला चार-पाच तास ऊन लागतं. तेवढं नसेल तर खर्चाच्या भानगडीत पडू नका.

देखण्या कुंड्यांवर पैसे उधळू नका. फळवाल्याकडचं जुनं प्लास्टिकचं क्रेट शंभरच्या आसपास मिळतं. आत गोणपाट अंथरलं की झालं. अशा 4 क्रेट्सचे 400. त्यात आठ इंच भरायला साधारण 120 लिटर मिश्रण लागतं. 5 किलोची कोकोपीटची वीट (150 ते 250 रुपये) भिजली की 60-70 लिटर होते. त्यात 30 किलो गांडूळखत घाला, उरलेल्या जागेत जुन्या कुंडीतली माती. ती आधी ऑक्टोबरच्या उन्हात पसरून कडक वाळवा. खत नर्सरीत गोणीने घेतलं तर किलोला 15-20 रुपये. तेच ऑनलाइन छोट्या पिशवीत दुपटी-तिपटीने पडतं. वर किलोभर निंबोळी पेंड, पन्नास-साठ रुपये. बेरीज बाराशेच्या आसपास जाते. भाव गावागणिक बदलतात, पण सगळ्यात मोठा आकडा मातीचाच असला पाहिजे.

बियाण्याला मात्र किरकोळ खर्च. मेथीदाणे आणि धणे स्वयंपाकघरातलेच चालतात. धणे लाटण्याखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. अख्खा धणा रुसून बसतो. पालकाचं पाकीट घेताना मुदत बघा. रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं, ते चुकूनही खाण्यात जाऊ देऊ नका. कोंब आलेल्या लसणाच्या पाकळ्या खोचल्या की लसणाची पात फुकट.

ऑक्टोबर हीटमध्ये कोथिंबीर आणि पालक नीट उगवत नाहीत. रात्री गार झाल्या की पेरा. मेथी 25-30 दिवसांत, कोथिंबीर 40-45 दिवसांत येते. चारही क्रेट्स एकाच दिवशी पेरू नका, नाहीतर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि मग महिनाभर काही नाही. पालक उपटायचा नाही, बाहेरची पानं कापायची; तीन-चार तोडे सहज निघतात. टोमॅटोचा मोह पहिल्या वर्षी टाळा: वेगळी पिशवी, काठी, अडीच महिन्यांची वाट आणि वर मावा.

फेब्रुवारीपर्यंत पंधरा-वीस जुड्या निघाल्या तर तीन-चारशेची भाजी. पुढच्या वर्षी फक्त दीड-दोनशेचं खत आणि बी लागेल. तेव्हा हिशेब जमायला लागतो. एवढंही नको असेल तर मुंबईतल्यासारखी समुद्रमेथी करा: पसरट ट्रेमध्ये ओली वाळू, वर दाट मेथीदाणे, साधारण दोन आठवड्यांत कोवळी भाजी. वाळूसकट पन्नास रुपयेही होत नाहीत.

गच्चीवर ठेवणार असाल तर सोसायटीला आधी विचारा. भिजलेलं एक क्रेट 25-30 किलोंचं होतं, आणि वॉटरप्रूफिंगवरून वाद झाला की सगळी क्रेट्स चार जिने खाली आणावी लागतात.