हरणांचे चाटण : मीठ कोठे ठेवावे, कोठे ठेवू नये



चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातील मुक्या प्राण्यांसाठी काही करावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. उन्हाळ्यात पाणवठा भरावा, हरणांसाठी मिठाच्या विटा ठेवाव्यात, हे विचार दयेतूनच येतात. परंतु जंगलात ठेवलेले मीठ तेथेच राहत नाही. त्याचा परिणाम हरणावर होतो, हरणामागे येणाऱ्या वाघावर होतो आणि शेवटी त्याच रानात मोहफुले वेचणाऱ्या आपल्या आदिवासी बहिणीवर होतो. म्हणून या अंकातील अभ्यासपाठ चाटणाविषयी आहे.

1. हरणाला मीठ का लागते?

गवत आणि पाला यांत पोटॅशियम भरपूर असते, सोडियम मात्र फार थोडे. शरीरातील पाण्याचा तोल, स्नायूंची हालचाल आणि रवंथ करताना लागणारी लाळ या सर्वांसाठी सोडियम हवे. मांस खाणाऱ्या प्राण्याला ते भक्ष्याच्या रक्तामांसातून मिळते. गवत खाणाऱ्याला ते शोधावे लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळे हिरवे गवत येते, तेव्हा ही गरज वाढते. कारण त्या गवतात पाणी आणि पोटॅशियम अधिक असते व शरीरातील सोडियम बाहेर टाकले जाते.

दुसरी गरज चुना आणि स्फुरद यांची, म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरसची. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला ती असते, तशीच शिंगे वाढवणाऱ्या नरालाही असते. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगे हाडासारखी भरीव असतात. ती गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात. नीलगाय आणि चौशिंगा यांना आपण सरसकट हरणांत धरतो, पण त्यांची शिंगे पोकळ असतात व ती गळत नाहीत.

रानात पडलेले जुने शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडते, हरणेही हाडे आणि शिंगे चघळतात. शोभेची वस्तू म्हणून ते घरी आणले, तर जंगलाचा चुना जंगलाबाहेर जातो. शिवाय असे शिंग परवान्याशिवाय बाळगण्यास कायद्याची मनाई आहे.

2. मूळचे चाटण आणि माणसाने केलेले चाटण

नाल्याच्या कापलेल्या काठावर, खोलगट जागी किंवा वारुळाजवळ काही ठिकाणची माती खारी असते. प्राणी पिढ्यान्‌पिढ्या तेथे येऊन माती चाटतात. त्या जागेला चाटण म्हणतात. रानात फिरणाऱ्या गोंड आणि माडिया माणसाला अशा जागा खुरांच्या ठशांवरून सहज कळतात. जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात, 39व्या अध्यायात, हरिणीच्या विण्याचा आणि खाऱ्या भूमीत राहणाऱ्या रानगाढवाचा उल्लेख एकाच ठिकाणी येतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

जेथे मूळचे चाटण नाही, तेथे वनविभाग कृत्रिम चाटण करतो. उथळ खड्ड्यात माती, जाडे मीठ आणि जनावरांना देतात ते खनिज मिश्रण एकत्र कालवून भरतात. चिकणमातीमुळे मीठ पहिल्या पावसातच वाहून जात नाही. जागा निवडताना काही गोष्टी पाहाव्या लागतात : ती पाण्यापासून फार दूर नसावी, पण अगदी नाल्यातही नसावी, नाहीतर मीठ पाण्यात उतरते. आजूबाजूला थोडे मोकळे असावे, म्हणजे हरणाला धोका दिसेल. आणि गाव, शेत, रस्ता व गुरांची चराई यांपासून ती लांब असावी.

3. धोका कोठे आहे?

पहिला धोका वाघाचा. राज्यातील सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. गावाच्या शिवेवर चाटण केले, तर चितळ रोज त्याच वाटेने येईल आणि त्याच्यामागे वाघही येईल. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे पहाटेच रानात जातात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या घटनेचा चाटणाशी संबंध नव्हता. पण माणूस आणि वाघ यांच्यातील अंतर तेथे किती थोडे उरले आहे, हे त्यावरून कळते. ते अंतर आणखी कमी होईल असे काहीही आपल्या हातून होऊ नये.

दुसरा धोका शिकाऱ्याचा. हरीण कोठे येणार हे ठरले, की फास कोठे लावायचा किंवा विजेची तार कोठे सोडायची हेही ठरते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवून प्राण्याला बोलावणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत धरले आहे.

तिसरा धोका रोगाचा. एकाच जागी गाई, बैल, शेळ्या आणि चितळ चाटू लागले, की लाळ्या-खुरकूतसारखा रोग लाळेतून एकमेकांत पसरतो.

चौथी गोष्ट हत्तींची. 2021च्या अखेरीस छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. हत्तीलाही मीठ हवेसे असते. धान्य, मोहफुले आणि मीठ यांच्या वासाने हत्ती घराची भिंतही पाडतो. आपण हरणासाठी ठेवलेले मीठ फक्त हरणच चाटेल, असे कोण सांगणार?

4. हे काम कोणाचे?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, किंवा चपराळा व भामरागड अभयारण्य, येथे वनविभागाच्या परवानगीवाचून काहीही ठेवता येत नाही. इतर जंगलातही वनाधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय चाटण करू नये.

मात्र गावालाही यात आवाज आहे. 2006च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नुसार ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. जेथे असा हक्क आहे, तेथे ग्रामसभेत विषय मांडल्याशिवाय बाहेरच्या कोणीही, अगदी चांगल्या हेतूनेही, रानात मीठ नेऊ नये. कोणत्या वाटेने बाया सरपणाला जातात हे नकाशात नसते, ते ग्रामसभेला ठाऊक असते.

5. मग आपण काय करावे?

मीठ रानात नेण्याऐवजी गोठ्यात न्यावे. गाई-बैलांना घरीच खनिज मिश्रण किंवा चाटण वीट मिळाली, तर खारी माती शोधत आत शिरण्याचे त्यांना कारण कमी उरते. गुरांना वेळेवर लाळ्या-खुरकूतची लस मिळाली, तर चितळांचेही रक्षण होते. आपल्या देणगीतून गावातील कुटुंबाची गाय निरोगी राहते, तिचे दूध वाढते, आणि रानातील हरणालाही अप्रत्यक्ष लाभ होतो. मूळच्या चाटणाजवळ गुरे न चारणे आणि तेथे फास दिसल्यास वनरक्षकाला कळवणे, एवढे गावाने केले तरी पुष्कळ झाले.

मीठ योग्य प्रमाणात आणि योग्य जागी असेल तरच गुणकारी, हे आपल्या स्वयंपाकघरातही खरे आहे. दयेलाही तोच नियम लागू पडतो.

चर्चेसाठी प्रश्न

1. पावसाळ्याच्या सुरुवातीला हरणाची मिठाची गरज का वाढते?
2. गावाच्या शिवेवर चाटण केल्यास सर्वांत आधी कोणाला धोका पोहोचेल?
3. आपण पाठवलेली मदत ज्यांच्या दारात पोहोचते, त्यांना आपण आधी विचारतो का? आपल्या मंडळीच्या कामातील एक उदाहरण घेऊन बोला.