ब्रेकच्या नळीचे नट व योग्य पान्याची निवड

जीप, पिकअप व टेम्पो यांच्या ब्रेकची लहानसहान दुरुस्ती पुष्कळ गावी आता शेतावरच केली जाते. गॅरेज तालुक्याला, मालाची तोडणी मात्र आजच. अशा अडचणीत शेतकरी स्वतःच पाने घेऊन गाडीखाली शिरतो. त्यात वावगे काही नाही. परंतु या कामात हाती कोणता पाना घेतला जातो, यावर पुढील सर्व अवलंबून असते, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. नाशिकचा भाजीपाला वाशीच्या बाजारात नेणारी गाडी रात्री कसारा घाट उतरते, तेव्हा भरलेल्या गाडीचा व आतील माणसांचा सारा भार चार-पाच मिलिमीटर जाडीच्या नळ्यांवर आणि त्यांच्या टोकांच्या बोटाएवढ्या नटांवर असतो.

ब्रेकच्या पायट्यावर दाब दिला म्हणजे मुख्य सिलिंडरातील द्रव नळ्यांतून प्रत्येक चाकाशी जातो व तेथील लायनर किंवा पॅड दाबतो. ब्रेक जोराने दाबला असता या द्रवाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोहूनही अधिक चढतो. हा दाब सांध्यातून निसटू नये म्हणून पोलादी नळीचे टोक फुलवून दुहेरी केलेले असते व ते टोक नट आपल्या जागी घट्ट दाबून धरतो. नळी नटाच्या पोटातून गेलेली असते. म्हणजे हा नट साध्या बोल्टाप्रमाणे भरीव नसून पोकळ असतो, त्याची भिंत पातळ असते आणि पोलादही फारसे कठीण नसते. चुकीच्या पान्याखाली त्याचे सहा कोन चटकन झिजून गोल होतात. जुन्या जीपगाड्यांत सर्व चाकांना द्रव पुरविणारा मार्ग एकच असे. एक सांधा सुटला की चारही चाकांचा ब्रेक जाई. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तरीही एक मार्ग निकामी झाल्यावर उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर भरली गाडी घाटात आवरणे कठीणच होय.

आता पान्यांचा विचार करू. गावातील पेटीत बहुधा फिक्स पाने, रिंग पाने, एखादा स्क्रू पाना, पकड आणि थोड्या गोट्या असतात. यांतील रिंग पाना व गोटी नटाला चहूबाजूंनी धरतात म्हणून उत्तम. परंतु येथे नटातून नळी बाहेर आलेली असल्याने ती वरून घालताच येत नाहीत. मग साहजिकच फिक्स पाना उचलला जातो. फिक्स पान्याचे तोंड उघडे असते. तो नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो आणि जोर दिला की त्याचे जबडे किंचित फाकतात. त्यामुळे सर्व भार दोन कोनांवर येऊन पडतो. गंज न चढलेला नवा नट याने सुटतो. तीन-चार पावसाळे पाहिलेला नट मात्र सुटण्याऐवजी गोल होतो. स्क्रू पान्याचा जबडा तर मुळातच हलता असतो. या कामात तो पेटीतच राहिलेला बरा. पकडीचे दात लागलेला नट पुढे कोणत्याच पान्याला जुमानत नाही.

या कामासाठी जो पाना बनविलेला असतो त्यास फ्लेअर नट पाना म्हणतात. रिंग पान्याच्या वर्तुळाची एक बाजू नळी आत शिरेल एवढी कापलेली असावी, असे त्याचे रूप असते. तो प्रथम नळीवर चढवावयाचा आणि मग सरकवून नटावर बसवावयाचा. नटाच्या सहा बाजूंपैकी पाच बाजू त्याच्या कवेत येतात व भार अनेक कोनांवर वाटला जातो. दुकानात मागताना त्याचे नाव नीट सांगावे. नुसता 'पाइप पाना' मागितला तर दुकानदार नळकाम करणाऱ्याचा दातेरी पाना पुढे ठेवतो. तो ब्रेकच्या नटाचा शत्रूच समजावा.

पाना घेताना त्याच्या तोंडाची आतील बाजू पाहावी. काही पाने आत सहा कोनांचे असतात, काही बारा कोनांचे. बारा कोनी पाना अडचणीच्या जागी लवकर बसतो, परंतु त्याची धर कोनाच्या टोकालगत असते. जुन्या, मऊ नटासाठी सहा कोनीच घ्यावा. दुसरे असे की, जेथे तोंड कापलेले असते तेथील दोन्ही टोके जाड व भक्कम असावीत. स्वस्त पान्यांत हीच टोके बारीक ठेवलेली असतात आणि जोर येताच ती फिक्स पान्याप्रमाणेच फाकतात. असा पाना घेण्यात पैसे घालविण्यापेक्षा चांगल्या पोलादाचे दोनच पाने घ्यावेत, पण नेमक्या मापाचे.

मापाचा प्रश्न आपल्याकडे थोडा गुंतागुंतीचा आहे. जीपगाड्या आपल्या देशात १९४० च्या दशकाच्या अखेरीस जुळविल्या जाऊ लागल्या, त्या मूळ अमेरिकन नमुन्याच्या असल्याने त्यांची मापे इंचांत होती. १९५६ च्या वजनमापे कायद्याने देशाने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि पुढील गाड्या हळूहळू मिलिमीटरवर आल्या. परंतु जुनी जीप, जुने इंजिन व नवी पिकअप एकाच अंगणात उभी असल्याने घरोघरच्या पेट्यांत दोन्ही मापांचे पाने मिसळलेले आढळतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, येथे १९ च्या पान्याने काम भागते. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तोही ८ च्या पान्याला चालतो. या अनुभवावरून 'जवळचा पाना चालतो' असा समज होतो आणि ब्रेकच्या नटाचा घात येथेच होतो. तीन-अष्टमांश इंचाचा नट ९.५३ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर १० चा पाना चढविला तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर सैल राहतो. सात-सोळांश इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यावर ११ चा पाना बसत नाही म्हणून १२ चा घेतला, तर फट पाऊण मिलिमीटरच्याही वर जाते. एवढ्या लहान नटाला ही फट म्हणजे कोन झिजण्याचे आमंत्रणच होय.

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या इंजिनांबरोबर आलेले व्हिटवर्थ पाने ज्यांच्या पेटीत असतील त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. तो वाचून ब्रेकच्या नटाला पाना निवडणे व्यर्थ आहे. ते पाने वेगळे बांधून ठेवावेत.

मेट्रिक गाड्यांत ब्रेकच्या नळीची जाडी बहुधा ४.७५ मिलिमीटर असते व तिच्या नटाला १० किंवा ११ मिलिमीटरचा पाना लागतो. हवा काढावयाच्या ब्लीडरला ८ किंवा १० चा पाना बहुतेक ठिकाणी बसतो. चाकाजवळच्या रबरी नळीच्या षट्कोनाला याहून मोठा, पुष्कळदा १४ किंवा १७ चा पाना लागतो. तथापि हे आकडे केवळ मार्गदर्शक समजावेत. गाडीखाली जाऊन, नट तारेच्या ब्रशाने घासून, त्याची रुंदी व्हर्नियरने मोजावी आणि मगच बाजारास जावे. हाच पाना इतरत्रही उपयोगी पडतो, हे सांगण्यासारखे आहे. ट्रॅक्टर व डिझेल पंपाच्या इंजिनात इंधनपंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या जाड भिंतीच्या नळ्यांचे नट याच जातीचे असतात. त्यांना बहुधा १७ किंवा १९ चे माप लागते.

पाना योग्य असला तरी गंजलेला नट घाईने सुटत नाही. युरिया व इतर खतांची पोती वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यातून सांडलेले खत ओलसर होऊन नळ्यांवर बसते आणि पोलाद खाऊ लागते. कोकणात खाऱ्या वाऱ्याचीही भर पडते. अशा ठिकाणी नट नळीलाच चिकटलेला असतो व नट फिरला की नळीही त्याबरोबर पिळली जाते. म्हणून गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशी नटाच्या मागील बाजूस, जेथे नळी आत शिरते तेथे, सोडावे. दुसऱ्या दिवशी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा व मग उलट फिरवावा. पाव फेरा सोडावा, पुन्हा थोडा मागे न्यावा. नळी हाताने धरून ती पिळत नाही ना, हे पाहावे. रबरी नळीशी सांधा असेल तर एक पाना रबरी नळीच्या षट्कोनावर स्थिर धरावा व दुसऱ्याने नट फिरवावा. ज्योत लावून नट तापविण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा. ब्रेकचा द्रव पेट घेणारा असतो आणि जवळच रबर असते.

नळी बदलावयाचीच असेल तर मात्र झटापट करण्याचे कारण नाही. जुनी नळी नटालगत कापून टाकावी. वाट मोकळी झाली की सहा कोनी गोटी सरळ नटावर चढते व बहुतेक हट्टी नट तिने निघतात. ही युक्ती साधी असूनही, नट गोल झाल्यावरच अनेकांस आठवते.

नव्या नळीबद्दल दोन इशारे आवश्यक आहेत. फवारणी पंपाची किंवा शीतयंत्राची तांब्याची नळी सहज वळते म्हणून ती ब्रेकला जोडण्याचा प्रकार घडतो. शुद्ध तांबे हादऱ्यांनी थकून चिरते. ते ब्रेकला कदापि लावू नये. वाहनासाठी बनविलेली पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचीच नळी घ्यावी. दुसरा इशारा आट्यांचा. १० मिलिमीटर जाडीचे व एक मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे आणि तीन-अष्टमांश इंचाचे, इंचात २४ असलेले आटे दिसण्यात इतके सारखे असतात की, इंची नट मेट्रिक भोकात सैल का होईना, पण शिरतो. त्याचे आटे अर्धवटच धरतात व आवळताना अथवा पुढे दाबाखाली निसटतात. नळीच्या टोकाच्या फुलवणीचेही भिन्न प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. जुना नट व नळीचे टोक दुकानात बरोबर न्यावे.

नवा नट नेहमी बोटांनीच सुरू करावा. तीन-चार फेरे बोटांनी सहज बसले तर आटे जुळले असे समजावे. पान्याची मदत सुरुवातीलाच लागली तर नट काढून पुन्हा पाहावे. शेवटची आवळणी बेताची असावी. या नटांना साधारणपणे १२ ते १८ न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारे १० किलो वजनाचा जोर दिला असता तो मिळतो. पान्यावर नळकांडे चढवून लांबी वाढविणाऱ्याच्या हातून नळीचे फुललेले टोक चिरडले जाते. सांधा तरीही झिरपत असेल तर अधिक आवळू नये. टोकच पुन्हा तयार करावे.

काम चालू असताना गाडी सपाट जागी असावी, चाकांस दगड किंवा ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. लोक ज्यास 'ब्रेक ऑइल' म्हणतात ते वस्तुतः इंजिनच्या तेलासारखे खनिज तेल नव्हे. त्यात इंजिनचे तेल, ग्रीस वा रॉकेलचा थोडा अंश गेला तरी आतील रबरी वॉशर फुगतात. म्हणून गंजाचे तेल पुसून मगच सांधा उघडावा. डब्यावर ठेवलेल्या मुख्य टाकीच्या झाकणावरील शिफारस वाचूनच द्रव भरावा. तो हवेतील ओलावा शोषतो, तेव्हा उघड्या राहिलेल्या जुन्या डब्यातील वापरू नये. ओलावा शिरलेला द्रव कमी उष्णतेला उकळतो आणि लांब उतारावर पायटा एकाएकी पोकळ लागतो. काही ट्रॅक्टरांच्या ब्रेकला निराळेच तेल लागते. तेथे पुस्तिकेतील सूचनाच प्रमाण मानावी.

नळी जोडल्यावर सर्व चाकांतील हवा काढावी. एबीएसची सोय असलेल्या गाडीचे हे काम मात्र कार्यशाळेवर सोपवावे. नंतर एकाने इंजिन सुरू ठेवून पायटा पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावा व दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद टेकवून पाहावा. कागद ओला झाला नाही तर रिकामी गाडी प्रथम सपाट जागी हळू चालवून ब्रेक पाहावा.

वर्षातून एक-दोनदा लागणारे हे पाने प्रत्येकाने घ्यावेत असे नाही. गावच्या अवजारे बँकेत ८, १०, ११, १४, १७ व १९ मिलिमीटरचे सहा कोनी पाने, एक व्हर्नियर व तारेचा ब्रश एवढा संच ठेवला तर गावाची गरज भागेल. जुन्या जीपगाड्या असलेल्या गावी त्यात तीन-अष्टमांश व सात-सोळांश इंचाची भर घालावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हा संच पावसाळ्यापूर्वीच मागवावा, आणि इंची व मेट्रिक पान्यांच्या दांड्यांना वेगवेगळ्या रंगांचे पट्टे देऊन ते निरनिराळ्या खिळ्यांवर टांगावेत.