आधी साखर, मग डॉपलर

"डॉक्टरसाहेब, नागपूरला जाऊन डॉपलर करू का?" राजुऱ्याचे एक गृहस्थ मान खाली घालून विचारत होते. लिंगाला ताठरता येत नव्हती. मी विचारले, "पहाटे झोपेत येते का?" येत असेल तर कारण बहुधा मनाचा ताण, येत नसेल तर शरीरातला दोष संभवतो. दोन्ही बाबतींत आधी रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळी टेस्टोस्टेरॉन तपासावे. डॉपलरमध्ये लिंगात इंजेक्शन देऊन रक्तप्रवाह पाहतात. ती मोजक्याच रुग्णांना लागते. या गृहस्थांना मधुमेह निघाला! ही तक्रार कधी हृदयविकाराचीही पूर्वसूचना असते. म्हणून वाचकहो, लाजू नका. जडीबुटीवाल्याच्या तंबूत शिरण्याआधी सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्या.