'कम्फर्ट' : बळापासून आरामापर्यंत

इंग्रजी 'कम्फर्ट' या शब्दासाठी 'आराम', 'सुखसोय' किंवा 'सांत्वन' यांपैकी एक पर्याय योजून पुढे जाण्याची प्रथा मराठी भाषांतरव्यवहारात रूढ झालेली आहे. हे पर्याय चुकीचे नाहीत. परंतु ते या शब्दाच्या अर्थेतिहासाचा केवळ उत्तरार्ध व्यक्त करतात. पूर्वार्ध दुर्लक्षित राहिल्यास जुन्या इंग्रजी संहितेचे वाचनच सदोष होते.

'कम्फर्ट'च्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधील 'कॉन्फोर्तारे' हे क्रियापद असून त्यात 'फोर्तिस' म्हणजे बलवान हे विशेषण आहे. मुंबईकरांच्या नित्याच्या बोलण्यातील 'फोर्ट' हा त्याचाच सगोत्र. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा आरंभीचा एक प्रमुख अर्थ बळ देणे, पाठबळ पुरवणे असा होता. चौदाव्या शतकातील विक्लिफच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या बायबलमध्ये, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, ख्रिस्त सामर्थ्य देतो या आशयासाठी हेच क्रियापद येते. १६११ च्या अधिकृत भाषांतरात त्या जागी सामर्थ्यवाचक निराळे क्रियापद योजलेले आहे. तोवर जुना अर्थ मागे पडू लागला होता, असे यावरून म्हणता येते.

कायद्याच्या भाषेने मात्र तो जपला. इंग्लंडच्या १३५२ च्या राजद्रोहविषयक कायद्यात राजाच्या शत्रूंना साहाय्य व 'कम्फर्ट' देणे हा अपराध ठरवला गेला, आणि १७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकेच्या संविधानात ही जोडी पुन्हा अवतरली. येथे 'आराम' हा पर्याय हास्यास्पद ठरेल. 'पाठबळ' हाच अर्थ अभिप्रेत आहे. भौतिक सुखसोयींचा अर्थ अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत प्रबळ झाला. गंमत अशी की, ज्या फ्रेंचने हा शब्द इंग्रजीला दिला, तिनेच एकोणिसाव्या शतकात हा नवा अर्थ इंग्रजीकडून परत घेतला.

योहानाच्या शुभवर्तमानातील 'पॅराक्लीटोस' या ग्रीक संज्ञेसाठी १६११ च्या भाषांतरात 'कम्फर्टर' हा शब्द आहे. ग्रीक संज्ञेचा मूलार्थ साहाय्यार्थ जवळ बोलावलेला असा. प्रचलित मराठी बायबलमध्ये तेथे 'कैवारी' हा शब्द येतो. ही निवड विशेष अर्थपूर्ण वाटते. कैवारी अश्रू पुसतो की नाही हा प्रश्न गौण. तो पक्ष घेऊन उभा राहतो. 'सांत्वनकर्ता' या शब्दाला हे साधले नसते.

मराठीत या दोन अर्थांसाठी मुळातच वेगळे शब्द उपलब्ध आहेत. 'सांत्वन' हा शब्द संस्कृत 'सांत्व'शी संबंधित असून अमरकोशात 'साम' आणि 'सांत्व' पर्यायवाची म्हणून येतात. म्हणजे मृदू बोलून शांतवणे हा त्याचा गाभा. फारसीतून आलेल्या 'दिलासा'त 'दिल' आहे, तो हृदयाला विसावा देतो. 'धीर' मात्र खचतो, सुटतो, धरावा लागतो, आणि म्हणूनच तो देताही येतो. दुःखाच्या घरी जाऊन आलेला माणूस 'सांत्वन केले' असे लिहील, पण बोलताना बहुधा 'धीर देऊन आलो' असेच म्हणेल. 'कम्फर्ट'च्या जुन्या अर्थाला सर्वांत जवळचा मराठी प्रयोग हाच होय.

अलीकडच्या शहरी मराठीत रुळलेल्या 'कम्फर्टेबल वाटत नाही' या प्रयोगाचा आरामाशी फारसा संबंध नाही. 'अवघडल्यासारखे होते', 'मोकळे वाटत नाही' हे प्रयोग हाताशी असूनही तो स्वीकारला गेला, कारण त्यात कारण न सांगता नकार देण्याची सोय आहे.

पर्यायनिवड खरी कसोटीला लागते ती 'कम्फर्ट विमेन' या संज्ञेपाशी. दुसऱ्या महायुद्धकाळात जपानी सैन्याच्या लैंगिक अत्याचारासाठी कोरिया, चीन, फिलिपिन्स आदी प्रदेशांतील ज्या स्त्रियांना जुंपण्यात आले, त्यांच्यासाठीच्या 'इआन्फु' या जपानी शब्दाचे हे शब्दशः भाषांतर. 'इआन' म्हणजे दिलासा, विरंगुळा. हा विरंगुळा कोणाचा, हे शब्द सांगत नाही. तो सैनिकांचा होता. किम हाक-सुन यांनी १९९१ मध्ये जाहीर साक्ष दिली, १९९३ मध्ये जपान सरकारने कोनो निवेदनाद्वारे सैन्याचा सहभाग मान्य केला, आणि १९९६ मध्ये राधिका कुमारस्वामी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाला सादर केलेल्या अहवालात लष्करी लैंगिक गुलामगिरी ही संज्ञा अधिक यथार्थ ठरवली. मराठीत 'सुखदायिनी'सारखा शब्द घडवणे म्हणजे अत्याचार करणाऱ्याची दृष्टी व्याकरणशुद्ध रूपात स्वीकारणे होय. मूळ संज्ञा अवतरणचिन्हांत ठेवून 'लैंगिक गुलामगिरीत लोटलेल्या स्त्रिया' असे लांबलचक लिहावे लागले, तरी ते पत्करावे.