अपराध्याविषयीं कळवळा
उपदेशक बंधु व गांवोगांवच्या मंडळ्या यांच्या अभ्यासाकरितां

ह्या आठवड्यास आम्हीं अभ्यासाकरितां जो विषय घेतला आहे तो ऐकावयास गोड नाहीं. ज्यानें कोणाचा जीव घेतला, किंवा कोणाच्या देहाची विटंबना केली, अशा मनुष्याविषयीं कळवळा वाटूं द्यावा कीं नाहीं, आणि वाटलाच तर त्याची सीमा कोणती, हा तो प्रश्न होय. आम्हीं तो आपल्या मनानें उकरून काढला नाहीं. तो आमच्यापुढें कसा आला तें प्रथम सांगतों.

सन २०२० च्या फेब्रुवारीची ३ तारीख आपल्या वर्धा जिल्ह्यांतील कोणीहि विसरला नसेल. त्या सकाळीं हिंगणघाट येथें कॉलेजांत शिकविण्यास निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेच्या अंगावर, तिचा पाठलाग करणाऱ्या मनुष्यानें भर रस्त्यांत पेट्रोल ओतून तिला पेटविलें. सात दिवस तिनें नागपूरच्या इस्पितळांत मृत्यूशीं झुंज दिली, आणि १० फेब्रुवारी रोजीं तिचा अंत झाला. जिल्हाभर लोक रस्त्यावर आले. आरोपीस आमच्या हवालीं करा, अशी मागणी झाली.

त्याच आठवड्यांत वर्धा शहरास लागून असलेल्या सिंदी मेघे येथें आम्ही एका घरीं सायंप्रार्थनेस बसलों होतों. एका वृद्ध बाईंनीं त्या मुलीकरितां प्रार्थना केली, तिच्या आईबापांकरितां केली, आणि मग हळूच म्हणाल्या, “देवा, त्या पोराच्या आईलाही सांभाळ, आणि त्याचंही मन फिरव.” हें ऐकतांच एक गृहस्थ उठून उभे राहिले. ते म्हणाले, “आजी, तुमचं मन मोठं आहे. पण माही पोरगी रोज एस.टी.नं कॉलेजात जाते. त्याच्यासाठी मी तोंड उघडणार नाही.” आणि ते निघून गेले. आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. पुढें जें सुचलें तें ह्या पाठांत मांडीत आहों.

१. कळवळा कशास म्हणावें?

प्रथम कळवळा म्हणजे काय नव्हे तें पाहूं. अपराध लहान करून सांगणें हा कळवळा नव्हे. “पोरगा वाईट नव्हता, दारूनें केलें,” असें म्हणून मोकळें होणें हा कळवळा नव्हे, ती केवळ पळवाट होय. अपराधी आपल्या जातीचा, भावकीचा किंवा मंडळीचा आहे म्हणून त्याची बाजू घेणें हा तर उघड पक्षपात आहे. कांहीं लोकांस क्रूर मनुष्याच्या धाडसाचें कौतुक वाटतें. वर्तमानपत्रांतील त्याची छायाचित्रें ते आवडीनें पाहतात. हें कौतुक कळवळ्याचा वेष घेऊन येतें, यास्तव त्यापासून विशेष सावध असावें.

मग कळवळा कोणता? घडलेलें कृत्य पूर्णपणें ओळखून, त्याला त्याच्याच नांवानें हांक मारून, तरीहि तें करणारा मनुष्य आहे, पशु नव्हे, हें ध्यानांत ठेवणें, हा कळवळा होय. पशूकडून आपण जाब घेत नाहीं. वाघानें गाय मारली तर वाघावर खटला चालत नाहीं. मनुष्यावर चालतो, कारण त्याला निराळें वागतां आलें असतें. जो अपराध्यास “राक्षस” म्हणतो तो नकळत त्याची जबाबदारी कमी करितो. जो त्यास मनुष्य म्हणतो तोच त्याजकडे पूर्ण जाब मागूं शकतो.

२. पहिला हक्क कोणाचा?

उत्पत्तीच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढावा. काइनानें भावास शेतांत मारिलें. तेथें देव प्रथम कोणाची दाद घेतो? हाबेलाची. तो मेलेल्याविषयीं विचारितो, सांडलेल्या रक्ताविषयीं बोलतो, आणि काइनास शिक्षा सांगतो. काइनाच्या जिवास कोणीं अपाय करूं नये म्हणून त्याला खूण लाविली, ही गोष्ट त्यानंतरची आहे. हा क्रम आपण उलटा करूं नये. मेलेल्याच्या घरीं न जातां जो तुरुंगाच्या दारीं जातो, त्याचा कळवळा लंगडा आहे.

म्हणून गांवांत असा प्रसंग घडला असतां उपदेशकाचें पहिलें पाऊल ज्यांच्यावर आघात झाला त्यांच्या उंबरठ्याकडे पडावें. तेथें उपदेश करूं नये. पाणी भरून द्यावें, जेवण न्यावें, गुरांस वैरण घालावी. पंधरा दिवसांनीं, आणि वर्षानें देखील, पुन्हां जावें. कारण लोकांची गर्दी तिसऱ्या दिवशीं ओसरते, आणि दुःख त्यानंतर घरांत येऊन बसतें. खटल्याच्या वेळीं कोर्टाच्या पायऱ्या चढतांना त्यांच्याबरोबर कोणी असावें. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाची मदत व नुकसानभरपाई मिळूं शकते, हें त्यांस सांगणें हीहि मोठी सेवा आहे.

३. क्षमा करण्याचा अधिकार

येथें एक नाजूक गोष्ट आहे. ज्याचें कांहीं गेलें नाहीं त्यानें दुसऱ्याच्या वतीनें क्षमा करूं नये. “झालें तें झालें, आतां क्षमा करा,” असें शोकांत बुडालेल्या आईस सांगणारा मनुष्य तिच्या जखमेवर मीठ चोळतो. क्षमा ही ज्याची त्यानेंच, आपल्या वेळीं, मनापासून द्यावयाची असते. मागून, दडपण आणून ती मिळत नाहीं.

ह्याचें एक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचें आहे. सेवाग्राम येथें ज्यांनीं वर्षानुवर्षें वास केला त्या गांधीजींचा ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत खून झाला. मारणारा नथुराम गोडसे हा मराठी मनुष्य होता. न्यायालयानें गोडसे व नारायण आपटे यांस फांशीची शिक्षा सांगितली. तेव्हां गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनीं त्या दोघांस फांशी देऊं नये अशी विनंती केली. सरकारनें ती मान्य केली नाहीं, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाला येथील तुरुंगांत शिक्षा अमलांत आली.

ह्यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. दया मागणारे तिऱ्हाईत नव्हते, खुद्द ज्यांचा बाप गेला ते पुत्र होते. म्हणून त्यांच्या शब्दांस वजन होतें. आणि त्यांनीं पित्याचा खून क्षुल्लक आहे असें म्हटलें नाहीं. बाप ज्या तत्त्वाकरितां जगला तें त्याच्या मरणानंतर मोडूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

४. जमावाचा क्रोध

त्याच दिवसांतील दुसरी बाजूहि विसरूं नये. खून करणारा ब्राह्मण होता एवढ्याच कारणानें महाराष्ट्रांत अनेक गांवीं ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. अहिंसेच्या पुजाऱ्याचा सूड म्हणून ज्यांचा त्या कृत्याशीं कांहीं संबंध नव्हता त्यांचे संसार राख झाले. क्रोधास प्रारंभीं न्यायाचा रंग असतो. परंतु तो जमावाच्या हातीं गेला कीं अपराधी कोण हें पाहत नाहीं, जें हातीं लागेल तें जाळतो.

अलीकडचेंहि उदाहरण आहे. सन २०१९ च्या डिसेंबरांत हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून केल्याच्या आरोपावरून धरलेले चार इसम, खटला चालण्यापूर्वींच, पोलिसांच्या गोळ्यांनीं मेले. देशभर पेढे वांटले गेले. पुढें सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ति विकास सिरपूरकर यांच्या आयोगानें २०२२ मध्यें सांगितलें कीं, पोलिसांची चकमकीची हकीकत विश्वासार्ह नाहीं, व गोळीबार जीव घेण्याच्या हेतूनेंच झाला. ते चौघे दोषी होते कीं नव्हते, हें कोणतेंहि न्यायालय आतां ठरवूं शकणार नाहीं. ज्या स्त्रीकरितां हें केलें असें म्हटलें तिलाहि न्यायालयांत सिद्ध झालेलें सत्य मिळालें नाहीं.

हिंगणघाटास मात्र खटला चालला. साक्षी झाल्या, पुरावा तपासला गेला, आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजीं, त्या प्राध्यापिकेच्या मृत्यूस दोन वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, न्यायालयानें आरोपीस जन्मठेप सांगितली. आरोपीस वकील मिळणें, त्याचें म्हणणें ऐकून घेणें, हें कांहीं त्याच्यावर उपकार करणें नव्हे. ह्यामुळेंच निकालास बळ येतें, आणि मेलेल्यास खरा न्याय मिळतो.

५. शिक्षा व आशा

लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायांत वधस्तंभावर टांगलेल्या अपराध्याची गोष्ट आहे. आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे असें तो आपल्या सोबत्यास सांगतो, आणि मग प्रभूकडे आशेनें पाहतो. त्याला आश्वासन मिळतें. परंतु त्याला स्तंभावरून खालीं उतरविलें जात नाहीं. शिक्षा व आशा ह्या दोन्ही एकाच स्तंभावर आहेत. कळवळा म्हणजे शिक्षामाफी असें ज्यांस वाटतें त्यांनीं ह्या अध्यायाचा पुन्हां विचार करावा.

अशी आशा केवळ परलोकाकरितां आहे असेंहि नाहीं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं आटपाडीजवळ, माणदेशच्या कोरड्या माळावर, स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत उभारली. पोलंड देशांत जन्मलेले एंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांची ह्या कामीं प्रेरणा होती. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणारे निवडक कैदी तेथें भिंतीवांचून राहूं लागले, बायकामुलांस जवळ आणून शेती करूं लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा “दो आँखें बारह हाथ” हा बोलपट ह्याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांची होती. आजहि आटपाडीची ती वसाहत चालू आहे.

ध्यानांत घ्या, स्वतंत्रपूर येथील मनुष्य कैदीच असतो, त्याची शिक्षा संपलेली नसते. परंतु जो हात एकदां कुऱ्हाडीकडे गेला तो नांगराकडेहि वळूं शकतो, एवढा विश्वास त्याजवर टाकिला जातो. सर्वच अपराधी असे वळतात असें आम्ही म्हणत नाहीं. कांहींचें मन वळत नाहीं, आणि त्यांच्यापासून लोकांचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्यच आहे.

६. आपण काय करावें?

(अ) अपराध्याच्या घरचीं माणसें निरपराध असतात. त्याच्या बायकोस विहिरीवर, मुलास शाळेंत टाकून बोलूं नये. बापाच्या पापाचा दंड सात वर्षांच्या पोरानें भरावा, हा न्याय नव्हे.

(आ) बीं कोठें पेरलें जातें तें पाहावें. मुलीनें नकार दिला असतां तो अपमान समजावा, असें मुलगे कोठून शिकतात? आपल्याच ओट्यावर, आपल्याच थट्टेंतून. धुऱ्याचा वाद कुऱ्हाडीपर्यंत कसा जातो? दारूबंदीच्या जिल्ह्यांत मोहाची दारू कोण गाळतो, आणि तें ठाऊक असून कोण गप्प बसतो? कारणें शोधल्यानें अपराध्याची सुटका होत नाहीं, पुढचा अपराध मात्र टळूं शकतो.

(इ) पाठलागाची तक्रार मुलीनें सांगितली तर ती हंसण्यावारी नेऊं नये. तिच्याबरोबर पोलीसठाण्यांत जावें. हा कळवळा सर्वांत आधींचा आहे, आणि तो वेळेवर दाखविल्यास दोन्ही घरें वांचतात.

(ई) शिक्षा भोगून परत आलेल्यास काम द्यावें, परंतु डोळे उघडे ठेवून. ज्यांच्यावर त्यानें आघात केला त्यांच्या वाटेंत त्यास आणूं नये.

आतां त्या सिंदी मेघेच्या गृहस्थांविषयीं. त्यांचा राग खोटा नव्हता. तो मुलीच्या मायेंतून आला होता, आणि असा राग देवास ठाऊक आहे. त्यांनीं त्या दिवशीं प्रार्थना केली नाहीं म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. त्या आजींसहि आम्ही दोष देत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे आजी त्यांच्याकडे गेल्या, आणि त्यांच्या मुलीस एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोंचवून आल्या. पुढें कित्येक दिवस त्यांनीं तो नेम चालविला. थोड्या काळानें ते गृहस्थ पुन्हां प्रार्थनेस येऊन बसूं लागले. त्या पोराकरितां त्यांनीं कधीं तोंड उघडलें कीं नाहीं, तें आम्हीं विचारलें नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. काइनाच्या गोष्टींत देव प्रथम कोणाविषयीं विचारितो? आपण प्रथम कोणाविषयीं बोलतों?
२. अपराधाचें कारण सांगणें व अपराध झांकणें ह्यांत भेद कोणता?
३. दुसऱ्याच्या वतीनें क्षमा करण्यांत चूक काय?
४. आपल्या गांवांत तुरुंगांत असलेल्या मनुष्याचें घर कोणतें, व आघात झालेलें घर कोणतें? ह्या महिन्यांत त्या दोन्ही घरीं आपल्यापैकीं कोण जाऊन आलें?