पहिले सत्र आणि सोयाबीनची काढणी



बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता प्रवेशाची धावपळ. आपल्या धर्मग्रामातील मुलेमुली कोणी इथे धाराशिवलाच, कोणी तुळजापूर-उमरग्याला, तर कोणी सोलापूर-पुण्याला जाणार. काही घरांत पदवीच्या वर्गात बसणारे हे पहिलेच माणूस असेल. अशा घरांत काय करायचे ते सांगणारा दादा किंवा ताई नसते. म्हणून आज आपण पहिल्या सत्राविषयी थोडे बोलू या.

बारावीपर्यंत आपल्याला एक सवय लागलेली असते. वर्षभर जमेल तसा अभ्यास, जानेवारीनंतर रात्रीचे जागरण, आणि मग एकच मोठी परीक्षा. पदवीला हे चालत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आपल्या भागातील संलग्न महाविद्यालयांतही श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची पद्धत आली. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन (प्रात्यक्षिक असेल तर ३० तास). तीन श्रेयांकांचा विषय घेतला तर शिकवण्याचे तास झाले फक्त ४५. म्हणजे पंधरा आठवडे, आठवड्याला तीन तास. एक आठवडा बुडाला की त्या विषयाचा पंधरावा हिस्सा गेला. शिवाय चाचणी, गृहपाठ, प्रकल्प यांचे अंतर्गत गुण सत्र चालू असतानाच दिले जातात. ते परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळत नाहीत.

आता हे पंधरा आठवडे आपल्या जिल्ह्याच्या कॅलेंडरवर मांडून पाहा. प्रवेशाच्या फेऱ्यांत जुलै जातो. मग गणपती, मग नवरात्र. तुळजापूरच्या यात्रेत एसटीत पाय ठेवायला जागा नसते. आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर सोयाबीनची काढणी. मजूर मिळत नाहीत, पावसाची भीती असते, म्हणून घरून निरोप येतो, "दोन दिवस ये." दोनाचे दहा दिवस होतात. नेमक्या त्याच दिवसांत अंतर्गत चाचण्या असतात. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्या घरातील मोठ्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी येते, आणि तेव्हाच सत्रपरीक्षेचे वेळापत्रक लागते. मुलगा किंवा मुलगी पहिल्या सत्रात मागे पडते ती पुष्कळदा अशी. डोके कमी म्हणून नव्हे.

शेत सोडा असे आम्ही म्हणणार नाही. त्या पिकावरच तर फी भरायची असते. पण पालकांनो, चाचणीच्या तारखा मुलांना विचारून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ते दिवस सोडून बोलवा. मुलांनीही तारीख आयत्या वेळी न सांगता महिनाभर आधी सांगावी. हजेरी साधारण ७५ टक्के लागते, हेही घरच्यांना माहीत असू द्या.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेली मुले वाणिज्य, संगणक किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात गप्प होतात. शिक्षक बोलतात ते कानावर पडते, पण आत उतरत नाही. ही भिंत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, आणि त्या संस्थानच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होते. घरी मराठी बोलणारी मुले तिथे उर्दूतून शिकली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. आज धाराशिवला त्याचे उपपरिसर आहे. एवढी वाट आपल्या आधीच्यांनी केली आहे.

उपाय साधा आहे. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. रोज दहा शब्द झाले तरी दिवाळीपर्यंत वर्गातले बोलणे ओळखीचे वाटू लागते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट पाहता येतात. उद्याचा धडा आज रात्री एकदा नुसता वाचून जा, समजला नाही तरी चालेल. बाजारातली गाईडे मात्र शेवटी बघा. त्याआधी विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका हातात असाव्यात. कला शाखेत उत्तरे मराठीतून लिहायची सोय बहुतेक विषयांत असते, तरी आपल्या विषयापुरते विचारून खात्री करा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात, पण हे फार महत्त्वाचे. आपल्या लोकांत बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे असे सर्रास आढळते. शिष्यवृत्तीचा अर्ज अशा ठिकाणी अडकतो. महाडीबीटीवर अर्ज भरण्याआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून नावाचे अक्षर न् अक्षर जुळवा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आताच काढा. लागत असेल तर जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरही. पडताळणीला महिने लागतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. "मुलीला एवढे कुठे शिकवायचे" असे म्हणणाऱ्या बापाने निदान हा आकडा तरी ऐकावा.

आणखी एक. कॉलेजात कोणी हाक मारून विचारत नाही. शाळेत बाई घरी निरोप पाठवत, इथे सूचना फलकावर किंवा ग्रुपवर येते आणि तारीख निघून जाते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तीन माणसांची ओळख करून घ्या: एक प्राध्यापक, ग्रंथालयातील एक कर्मचारी आणि त्याच शाखेचा दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी. शंका विचारताना मराठीत विचारली तरी चालते. परगावी खोली घेणाऱ्यांनी मेसचे आणि खोलीचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच वेगळे काढावेत. रोज ये-जा करणाऱ्यांनी बोनाफाईड घेऊन एसटीचा सवलतीचा पास काढावा.

आपल्यातले जे आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांना विनंती, की जुनी पुस्तके आणि प्रश्नपत्रिका रद्दीत देऊ नका. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात थोडा वेळ थांबा. नवी मुले आईवडिलांसह थांबतील. येताना गुणपत्रिका, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत आणावी, म्हणजे नावे तिथल्या तिथे जुळवून पाहता येतील.